सहा कोंबडे आणि एक पदवीधर

आमच्या घराण्यात मी पहिलाच पदवीधर असल्यामुळे अंडी निवडायचं काम माझ्याकडे आलं.

झालं असं, की आईची एक कोंबडी खुडूक बसली. आई म्हणाली, "बाला, हिच्याखाली गावातली थोरी अंडी आनून ठेवू. पन माद्या जास्ती निंघाल्या पायजेत."

मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, की टोकदार अंड्यातून नर निघतो आणि गोलसर अंड्यातून मादी. मी ऑफिसातून स्टीलची पट्टी आणली (शास्त्र म्हणजे शास्त्र!), एकेक अंडं मापलं आणि गोल गोल तेवढी बाजूला काढली. आई शेजारणीला सांगत होती, "माजा बाला बी.कॉम. हाय. त्याला अंड्याच्या आतला दिसतो!"

सात पिल्लं निघाली. त्यातली सहा नर. सातवं मांजराने नेलं. ती मादीच होती, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

पिल्लं मोठी झाली आणि पळस्प्याच्या आमच्या शांत परसात आरवण्याचं सत्र सुरू झालं. एक पाण्याच्या टाकीवरून ओरडायचा, दुसरा माझ्या स्कूटरच्या सीटवरून त्याला दुरुस्त करायचा आणि उरलेले चौघे दोघांचंही चुकलं असं सांगायचे. त्यात सहाही जण दिवसभर आईच्या जुन्या कोंबड्यांच्या मागे धावत. बिचाऱ्यांना अंडी घालायला बसायची उसंत मिळेना. एकीने तर आमच्या कपड्यांच्या टोपलीत आश्रय घेतला आणि मी माझा ऑफिसचा शर्ट चोचीचा मार खाऊन मिळवला!

आमच्या भिंतीला लागून आता सात मजली इमारत उभी आहे. पहिल्या मजल्यावर साठेकाका राहतात, निवृत्त इंजिनिअर. ते एकदा फाटकाशी आले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "रविवारपर्यंत हा आवाज बंद झाला नाही, तर सोसायटी तक्रारीचा अर्ज करणार. आणि एकदा जप्तीची गाडी आली, की ती नर-मादी बघत नाही हो. अख्खं खुराडं उचलते."

त्या खुराड्यातली अंडी विकून आईने माझी पुस्तकं घेतली, कॉलेजची फी भरली. मी आज ऑफिसात पंख्याखाली बसतो, तो खरं तर त्या कोंबड्यांच्या जिवावर. आईने काकांचं बोलणं ऐकलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. नुसती खुराड्यापाशी बसून राहिली.

"कोंबडे द्यायचे!" मी जाहीर केलं.

"एक तरी ठेवा. वडे मी करते," माझी बायको शिल्पा म्हणाली.

रविवारी नाक्यावरचे चिकनवाले इरफानभाई टोपली घेऊन आले. साठेकाका चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहिले. इरफानभाईंनी पहिला कोंबडा धरला. "माशाअल्लाह! काय वजन आहे!"

"त्याला सोर!" आई ओरडली. "त्यो देवीचा हाय!"

"कुठल्या देवीचा?" मी विचारलं.

"आपल्या गावदेवीचा. तुजी दहावी होती ना, तवा बोलले मी. पोरगा पास होऊं दे, कोंबरा देईन."

इरफानभाईंनी तो सोडून दुसरा धरला.

"त्यो बारावीचा!"

तिसरा धरला.

"त्यो बी.कॉम.चा. चांगला मोठा हाय ना? मोठाच बोलले होते. माजा काय भरवसा नवता."

"आई!"

"आनी त्यो तांबरा नोकरीचा. टाकीवरचा स्कूटरच्या लायसनचा."

"लायसनला पण?" शिल्पाला हसू आवरेना.

"तू याला चालवताना बगितला नव्हतास गो तवा!"

आता एकच उरला होता, एका पायाने लंगडणारा आणि सगळ्यात किरकोळ. "हा तरी न्या," मी म्हणालो.

"त्यो लग्नाचा," आई म्हणाली. "शिल्पानी हो बोलावं म्हनून."

शिल्पाचं हसू थांबलं. "माझ्यासाठी हा?"

"आई, इतकी वर्षं नवस फेडले का नाहीस मग?" मी विचारलं.

"कोंबरे होते कुठं? अंडी सगली इकली. तुजी पुस्तका आली त्यातून. उबवाला काय ठेवला होता आपन?"

मी हळूच म्हणालो, "बरं, उद्याच देऊन टाकू देवीला."

"उद्या कसा? जत्रेलाच द्याचा असतो. चैतात!"

दिवाळी नुकतीच झाली होती. इरफानभाई रिकाम्या टोपलीवर बसले. मी वर पाहिलं, तर गॅलरीत नुसता कप होता.

"गेले अर्ज लिहायला," शिल्पा म्हणाली.

पण साठेकाका आमच्या फाटकात उभे होते. आई लगबगीने पुढे झाली. "साठेभाऊ, हात जोरते तुमाला. माज्या कोंबऱ्या..."

"ताई, थांबा." काकांनी आवाज खाली आणला. "आमचा नातू यंदा बारावीला आहे. गणितात जरा... म्हणजे सगळं देवावरच आहे. त्याच्या नावाने एखादा बोलता येईल का? आम्ही शाकाहारी आहोत, पण देवी घेईल ना समजून?"

"देवीला सगली पोरा सारकीच. पन ये सगले याच्यात गेले. याला लय लागले! तुमाला पुरच्या खेपेतला देईन."

"चालेल! पण मग खुराडं राहिलं पाहिजे हो."

"आनी अर्ज?"

"कसला अर्ज? कोण हात लावतो तेच बघतो मी!"

"काका, आमच्या पिंकीचंही सांगून ठेवा!" दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला. आईने तोंडाला पदर लावला. आता ती हसत होती की रडत होती, ते ती पाठमोरी असल्यामुळे मला कळलं नाही.

न राहवून मी विचारलं, "काका, तुम्ही एवढे इंजिनिअर. तुमचा नवसावर विश्वास आहे?"

काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"अजिबात नव्हता," ते म्हणाले. "पण इतके दिवस तुमच्या शेजारी राहतोय, आणि तुम्ही पदवीधर आहात हे मला आज कळलं. देवी पावते हो!"

आईने कृतज्ञतेने देवळाच्या दिशेला हात जोडले. इरफानभाईंनीही मान डोलावली.