गैरहजर माणसांना फोटोत आणणाऱ्या भानुमतीबाई

भानुमतीबाईंचं काम थोडक्यात सांगायचं, तर जो माणूस फोटोच्या वेळी हजर नव्हता त्याला फोटोत आणून उभा करायचा. आणि हे कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालं असं नाही बरं का. त्यांच्या वडलांचा छावणीत छोटासा स्टुडिओ होता आणि निम्मं गिऱ्हाईक लष्करातलं. बायकापोरं इथं, जवान तिकडं सरहद्दीवर. मग घरच्यांचा फोटो वेगळा काढायचा, जवानाचा जुना फोटो कात्रीनं कापून त्यात मधोमध चिकटवायचा, कडा पेन्सिलीनं घोटायच्या आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचा. कात्री वडलांची, पेन्सिल भानूची. परकर-पोलक्याच्या वयातच ही पोरगी त्यात इतकी तरबेज झाली, की सुट्टीवर आलेल्या एका सुभेदारानं घरातली तसबीर बघून बायकोला विचारलं, "हा फोटो आपण कधी काढला?" बायको म्हणाली, "तुम्ही नव्हताच. म्हणून तर एवढे शहाण्यासारखे उभे आहात."

पुढं लग्न झालं. नवरा व्यंकटराव, सरकारी कचेरीत कारकून. वडील गेले, स्टुडिओ बंद पडला. भानुमतीबाईंची पेन्सिल जी सुटली ती सुटलीच, ती मुलगा मिहिर कॉलेजात जाईपर्यंत. त्याच्यासाठी घरात कॉम्प्युटर आला आणि बाईंनी तो सरळ बळकावला! पोरगं पुण्याला नोकरीला गेलं तेव्हा कपडे घेऊन गेलं, कॉम्प्युटर मागायची त्याची टाप नव्हती. चाळिशी उलटलेली बाई फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर शिकली, लग्नाचे अल्बम करायला लागली, आणि गंगापूर-वैजापूरपर्यंतचे फोटोग्राफर तिला 'ताई' म्हणून कामं पाठवू लागले. कुणाचा मामा रुसून मांडवाबाहेर बसला, कुणाचा भाऊ परीक्षेमुळं आला नाही, तर ताईंकडं द्या, ताई आणून उभा करतात.

तोवर शहर पसरत पसरत छावणीच्या पुढं पडेगावला आलं होतं. जिथं काल ज्वारी होती तिथं आज रो-हाऊस. या दोघांनीही तिथंच एक घेतलं. घर झ्याक, हवा झ्याक, फक्त पाणी नाही. नळ यायचा होता, तो यायचाच राहिला. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, बोअर आटला, आणि सगळी गल्ली टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसली.

व्यंकटरावांच्या अंगात मात्र या दुष्काळानं बळ भरलं. आयुष्यभर ज्यांनी साधी एक शाखा सांभाळली नाही, त्यांच्याकडं घरातलं पाणीखातं चालून आलं होतं. आंघोळीला एक बादली. पाहुण्याला पेला अर्धाच, लागला तर परत मागेल. भांड्याचं पाणी संडासात. आणि सगळ्यात कडक फर्मान म्हणजे मातीवर थेंब सांडायचा नाही. मागं मीटरच्या खाली, भिंतीलगत बाईंचा मोगरा होता. त्याला रोज तांब्याभर पाणी लागायचं. फर्मान निघालं तसा मोगरा आधी पिवळा पडला, मग नुसत्या काटक्या उरल्या. बाईंना लई वाईट वाटलं. पण लोक पिण्याच्या पाण्यासाठी भांडतायत आणि आपण फुलं फुलवायची, हे त्यांच्याही मनाला पटेना, म्हणून गप्प बसल्या.

असं असताना भर उन्हाळ्यात गंगापूरचे फोटोग्राफर नानासाहेब दारात हजर. "ताई, एक काम हाय. छोटंच हाय, पण तुमच्याशिवाय व्हणार नाय."

काम असं. संस्कृती नावाच्या पोरीचं लग्न झालं, नवरा फौजेत. या पोरीला वाढवलं तिच्या आजीनं, पारूबाईंनी. आणि लग्नात पारूबाईच नाहीत! दुष्काळामुळं त्यांची जनावरं गावाबाहेर चारा छावणीत बांधलेली. ऐन लग्नाच्या सकाळी गाय अडली. घरचे सगळे नटूनथटून उभे, वऱ्हाडाची गाडी दारात. पारूबाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा म्होरं, मी हिला मोकळी करते अन् येते." गाय मोकळी झाली दुपार कलताना. वासरू ठणठणीत, पण तोवर अक्षता पडून जेवणाच्या पंगती उठल्या होत्या. नानासाहेबांनी दुसऱ्या दिवशी छावणीवर जाऊन आजीचा फोटो काढला. चेहरा प्रसन्न, अंगावर नवं लुगडं, आणि कवेत ते वासरू.

संध्याकाळी संस्कृतीचाच फोन आला. "काकू, सोमवारी आम्ही आसामला निघतोय. बाकी अल्बम मागून झाला तरी चालंल. पण सगळ्या घरादाराच्या फोटोत आजी पाहिजे, अन् तो फोटो मला माझ्या हातानं तिला देऊन जायचंय. ती कुणाला बोलत नाय, पण रोज रडती."

फौजेतल्या माणसाची बायको म्हणजे भानुमतीबाईंचं माहेरचं गिऱ्हाईक. जन्मभर त्यांनी दूरच्या जवानाला घरात आणून उभं केलं होतं. आता पोरगीच दूर चालली होती. त्यांनी शब्द देऊन टाकला, "रविवारी या. आजींना घेऊनच या."

आणि दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरला काय अवदसा आठवली कोण जाणे! अधूनमधून तो महिनाभर कुरकुरतच होता, पण आता त्यानं कळसच केला. घरादाराचा फोटो भला मोठा. त्यात आजींना बसवायचं, उजेड जुळवायचा, सावली पाडायची. आजींचा पदर नीट बसला की पडदा काळा! थोड्या वेळानं जागा व्हायचा आणि साळसूदपणे सांगायचा, ग्राफिक्स कार्डात अडचण आल्यामुळं प्रोग्रॅम बंद करावा लागत आहे. म्हणजे पडद्यावर चित्र उभं करणारं जे कार्ड, तेच ऐन वेळी अंग टाकायचं. आजी गायब, पदर गायब, सकाळची मेहनत पाण्यात.

मिहिरला फोन गेला. तो म्हणाला, कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नवा टाक. टाकला. मग म्हणाला, नव्यातच घोळ असेल, जुना टाक. तोही टाकला. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन कार्डाचा वापरच बंद कर म्हणाला. केला, तर काम गोगलगायीसारखं चालायला लागलं आणि पडदा काळा व्हायचा तो होतच राहिला. बाईंनी कॉम्प्युटरचा डबा उघडून धूळ झटकली, कार्ड काढून त्याची सोनेरी कड खोडरबरनं घासली. शेवटी मिहिर म्हणाला, "आई, दुकानात दाखव."

व्यंकटराव स्कूटरवर डबा बांधून दुकानात घेऊन गेले. तिथं कार्ड दिवसभर न कुरकुरता चाललं. दुकानदार म्हणाला, "अंकल, एकदम ओके है. आप घर पे क्या करते इसको?" घरी आणलं, अर्ध्या तासात पडदा काळा. माहेरी हसती-खेळती पोर सासरच्या उंबऱ्यात पाऊल टाकताच आजारी पडावी, तसला प्रकार. म्हणजे दोष पोरीत नाही, सासरात आहे, हे बाईंना कळलं. पण सासरात दोष तरी कोणता? व्यंकटराव म्हणाले, "वास्तुशांत घाईत उरकली होती आपण." त्यावर बाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की ते पेपर घेऊन गच्चीवर गेले.

बुधवारी टँकर आला. आणि बुधवारी कॉम्प्युटर चालला! सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकदाही पडदा गेला नाही. बाई श्वाससुद्धा जपून घेत होत्या. आजी फोटोत आल्या, उभ्या राहिल्या. नुसते हात आणि सावली राहिली. उद्या करू म्हणून बाई उठल्या.

गुरुवारी सकाळी बसल्या आणि पडदा काळा. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. पोरीला काय सांगायचं? रविवारी म्हातारीला काय दाखवायचं, काळा पडदा? रागानं त्यांनी चपला भिरकावल्या, अनवाणी पाय फरशीवर टेकले आणि डब्यावर एक चापट मारली. हाताला बारीक झिणझिण्या आल्या.

बाई थबकल्या. स्वयंपाकघराच्या खणातून टेस्टर आणून डब्याला लावला. टेस्टरातला दिवा मिणमिणला. डब्यात वीज उतरली होती आणि तिला जमिनीत जायला वाट नव्हती. कालच कशी मिळाली? काल टँकर होता. मागच्या टँकरच्या दिवशीही काम बिनबोभाट झालेलं. टँकर येतो तेव्हा होतं काय, तर पाइप जोडाला गळतो आणि ओघळ भिंतीकडेनं जाऊन त्या वाळलेल्या मोगऱ्यात मुरतो.

"अगं बाई!" त्या एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या. घर बांधताना वायरमननं तिथंच खड्डा करून, मीठ-कोळसा घालून अर्थिंगची नळी पुरली होती. सांगून गेला होता, "इथली माती ओली ठेवा, वाळली तर वीज जमिनीत उतरायची नाही." रोज आठवण राहावी म्हणून तर बाईंनी तिथं मोगरा लावला होता! फुलं वेचता वेचता तो कशासाठी लावला तेच विसरून गेल्या. आणि यजमानांनी काटकसर करून नेमकी घराची मुळंच वाळवली.

आता पाणी हवं, आत्ताच्या आत्ता. न्हाणीघरात व्यंकटरावांची बादली भरलेली होती. ते अंगाला तेल चोळून, पंचा गुंडाळून, पाटावर बसायच्या बेतात होते. बाईंनी त्यांच्यादेखत बादली उचलली आणि मागच्या दाराकडं चालू लागल्या.

"अगं ए! कुठं नेतेस?"

बाईंनी बादली मोगऱ्याच्या काटक्यांत उपडी केली. भसाभसा आवाज करत माती पाणी प्यायली. व्यंकटराव पंचा सावरत धावत आले. "अगं, वेड लागलं का तुला! मातीत? माझी अख्खी बादली मातीत!" शेजारच्या गीताबाई भिंतीवरून डोकावल्या, तेलकट उघडेबंब व्यंकटराव बघून तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

"ओरडू नका. चला आत."

बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला, मग डब्याला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. कॉम्प्युटर सुरू केला, फोटो उघडला. आजी उभ्या होत्या. एक हात नीट झाला, दुसरा झाला, सावली पडली. पडदा जागेवर. व्यंकटराव मागं पंच्यावरच उभे. बराच वेळ बघून हळूच म्हणाले, "म्हणजे हे सगळं माझ्यामुळं होत होतं?"

"मग काय माझ्यामुळं?" बाई म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांनी दोघं पोट धरधरून हसले. त्या दिवशी व्यंकटराव ओल्या नॅपकिननं अंग पुसून कचेरीत गेले आणि संध्याकाळी येताना प्लास्टिकची नळी घेऊन आले. न्हाणीचं सांडपाणी अर्थिंगकडं वळवलं. वर गल्लीभर घरोघरी जाऊन सांगून आले, "तुमची माती ओली आहे ना? बघा हं!"

रविवारी संस्कृती आजीला घेऊन आली. पारूबाई बारीक चणीच्या, कपाळाला मोठं कुंकू. त्यांना कशासाठी आणलंय ते सांगितलं नव्हतं. संस्कृतीनं फ्रेम त्यांच्या हातात दिली.

पारूबाईंनी आधी नवरीला पाहिलं, मग तिच्या शेजारी स्वतःला. बोट फिरवत फिरवत खाली आल्या आणि थांबल्या. आजींच्या कवेतलं वासरू काढलं असतं तर हात रिकामे दिसले असते. म्हणून भानुमतीबाईंनी वासरूसुद्धा मांडवात आणलं होतं, गळ्यात झेंडूची एक माळ घालून.

"आत्ता गं माय!" पारूबाई एकदम खळखळून हसल्या. "ह्ये बी आलं व्हय वऱ्हाडात!" हसता हसताच त्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि संस्कृती त्यांच्या गळ्यात पडली. दोघी हसत होत्या की रडत होत्या ते काही कळत नव्हतं.

व्यंकटरावांनी आतून पाणी आणलं. नेहमीसारखा अर्धा नव्हे, भरलेला पेला. आणि मग त्यांना राहवेना, बादलीची सगळी कथा त्यांनी स्वतःच रंगवून सांगितली, पंच्यासकट. पारूबाई ऐकत होत्या. इतके महिने छावणीवर बादल्या वाहून जनावरांना पाणी पाजणारी बाई ती.

"म्हंजी माती पानी पेली तवा त्या यंत्रानं मला लग्नात न्हेलं," त्या म्हणाल्या. अर्धा पेला त्यांनी पिऊन टाकला, उरलेला हातात धरून उठल्या. "कुठं हाय ती जागा?"

मागं जाऊन त्यांनी उरलेलं पाणी हळूहळू त्या काटक्यांच्या बुडाशी ओतलं आणि वाकून मातीवर हात फिरवला. "पी बाबा," म्हणाल्या.

ज्या व्यंकटरावांनी वर्षभर मातीवर थेंब सांडू दिला नव्हता, ते दारात उभे राहून बघत होते. त्यांनी पुढं होऊन पारूबाईंच्या हातातला पेला घेतला, आत गेले, आणि पुन्हा काठोकाठ भरून घेऊन आले.