बियाण्याचं वांगं

तीन रविवारांपूर्वी सकाळी सात वाजता मी आमच्या भाजीबागेत एक पराक्रम केला. पाथर्डी फाट्याजवळ आमची कॉलनी आहे, तिथल्या मोकळ्या प्लॉटवर ही बाग. थंडी अशी की हात स्वेटरच्या बाह्यांतून बाहेर काढवत नव्हते...

पूर्वी या प्लॉटवर नुसता राडारोडा पडायचा. आता आम्ही पंधरा-वीस जण दर रविवारी तिथे राबतो. निघेल ती भाजी वाटून घेतो, उरलेली शेजारच्या अंगणवाडीत जाते. आमच्यात इंजिनिअर आहेत, प्रोफेसर आहेत, रिटायर्ड मंडळी आहेत... आणि या सगळ्यांच्या बॉस आहेत मंदाताई.

मंदाताई आमच्या तीन बिल्डिंगचे जिने झाडतात. मूळच्या सुरगाण्याकडच्या. दोन वर्षांपूर्वी आम्हाला मेथी पेरताना बघून त्या खो-खो हसल्या होत्या. "एवढं खोल नका पुरू, बी गुदमरंल!" असं म्हणून त्यांनी खुरपं हातात घेतलं, ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्या आधी बागेत हजर असतात.

त्या रविवारी मात्र त्यांना उशीर झाला. वांग्याच्या वाफ्यात एकाच झाडावर एक मोठं, पांढऱ्या रेघांचं, तुकतुकीत वांगं लटकत होतं. देठाला लाल चिंधी बांधलेली. मला वाटलं, वजनाने फांदी मोडू नये म्हणून आधार दिला असेल... तोडलं आणि पिशवीत टाकलं.

घरी भरीत केलं. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतलं. मी लगेच बागेच्या ग्रुपवर आधी वांग्याचा आणि मग भरिताचा फोटो टाकला... अंगठे, बदाम यांचा पाऊस. मग अरुणकाकांचा मेसेज आला, "ताई, हे चिंधी बांधलेलं तर नाही ना?"

अरुणकाका पोस्टातून रिटायर झालेत, बागेची वही तेच ठेवतात. मी फोन केला. ते वांगं बियाण्यासाठी राखलेलं होतं. मंदाताईंच्या आईकडचं बी. आई आता नाही आणि गावात सगळे दुकानातलंच बी आणतात. यंदाच्या थंडीत त्या जातीची बाकीची झाडं जळाली होती. उरलेलं एक झाडही म्हातारं झालेलं, आता फूल धरणार नाही...



सोमवारी सकाळी मंदाताई आमचा जिना झाडत होत्या. मी दोन पायऱ्या खाली उतरले आणि एका दमात सांगून टाकलं, "ताई, तुम्ही राखलेलं वांगं मी तोडलं. आम्ही खाऊन टाकलं."

झाडू थांबला. त्यांनी विचारलं, "गोड लागलं का?"

मला रडूच आलं.

"लय गोड असतं ते," त्या म्हणाल्या. "माझी आय चुलीत भाजायची. रडू नका ताई. खायालाच लावतो ना आपण?" आणि पुन्हा झाडायला लागल्या. पण खालच्या मजल्यावर वळताना त्यांनी पदराने डोळे पुसले, ते मला दिसलं.

मी ग्रुपवर सगळं खरंखरं लिहिलं. मागच्या वर्षी मंदाताईंनी प्रत्येकाला या बियांची एकेक पुडी दिली होती. कोणाकडे चार बिया तरी उरल्यात का, बघाल का? कोणी ड्रॉवर उपसले, कोणी बाल्कनीतल्या कुंड्यांखाली पाहिलं. एकीने तर फ्रिज रिकामा केला. सगळ्यांनी सगळं बी बागेतच पेरून टाकलं होतं...

तिसऱ्या दिवशी अरुणकाका काठी टेकत आमच्याकडे आले. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे गेल्या वर्षी त्यांचं पेरायचं राहून गेलं होतं. त्यांच्या औषधांच्या डब्यात तळाशी पुडी सापडली, जशीच्या तशी!

पुढच्या रविवारी मंदाताईंनी वाटीभर पाण्यात ते बी टाकलं. "पोकळ असंल ते वर राहील, चांगलं असंल ते बुडंल." आम्ही सगळे वाटीभोवती दाटी करून उभे. प्रोफेसर बाईंनी तर श्वास रोखलेला. पहिल्यांदा सगळंच बी तरंगलं... मग एक खाली गेलं. मग दुसरं. मग भराभर. एवढ्या मोठ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या!

मातीच्या ट्रेमध्ये बी टाकून झालं. रात्री अजून गारठा असतो, म्हणून ट्रे कोणाच्या तरी घरात ठेवायचा होता. मंदाताईंनी तो उचलला आणि सरळ माझ्या हातात दिला. "तुमच्याकडं ऊन चांगलं येतं." मी म्हटलं, "ताई, माझ्याकडे? नक्की?" त्या म्हणाल्या, "आता तुम्ही लय जपाल."

आज सकाळी मातीतून सहा-सात हिरव्या माना वर आल्या. मी ट्रे घेऊन तशीच जिन्यात धावले. मंदाताईंनी झाडू भिंतीला टेकवला, हात पुसले आणि एका कोंबाला बोटाच्या टोकाने हळूच स्पर्श केला. "आली गं आय," एवढंच म्हणाल्या.

ज्याने आपलं नुकसान केलं, त्याच्याच हातात आपली सगळ्यात मोलाची वस्तू विश्वासाने द्यायची... मला हे जमलं असतं का, माहीत नाही. मंदाताई, तुमच्याकडून पेरणी तर शिकतेच आहे. हेही शिकायचंय.