वरती माणूस झोपलाय

माझा आवाज मोठा आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. लहानपणी आई मला धाकट्या भावाला हाक मारायला गच्चीवर पाठवायची, आणि अर्ध्या गल्लीतली पोरं जेवायला आपापल्या घरी जायची. पुढे बालशिक्षणाचा कोर्स केला, तेव्हा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की आवाज ही शिक्षिकेची दौलत असते. ती दौलत घेऊन मी बजाजनगरच्या कामगार वसाहतीत बालवाडी चालवायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात ती कुलपात गेली.

संस्थेने भाड्याने घेतलेली खोली तळमजल्यावर होती. हवेशीर, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. घरमालक देवगाव रंगारीचे, शेतीवाले. त्यांनी खोली दाखवली, नळ दाखवला, मोरी दाखवली, वर भाडेकरू राहतो हेही सांगितलं. भाडेकरू दिवसा झोपतो हे सांगितलं नाही.

ते सांगायला त्याची बायको आली. मी मुलांना गोल उभं करून टाळ्यांचा खेळ सुरू केला होता. दारात ती उभी, कडेवर चारेक वर्षांची मुलगी. ती रागावलेली नव्हती, म्हणून मी जास्त घाबरले.

"ताई, पोरीला घालायचंय तुमच्याकडं," ती म्हणाली. "पन एक सांगू का? वरती आमचं मानूस झोपलंय. थर्ड शिफ्ट असती त्यांची. कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर हायेत."

मी म्हटलं, आम्ही जरा हळू घेऊ.

"जरा नाय, ताई. झोप झाली नाय तर रातच्याला डुलकी लागती, अन् प्रेस काय कुनासाठी थांबत नाय. बाजूच्या मशिनवरच्या पोराची दोन बोटं गेली. झोपेतच होतं ते." तिने आपली दोन बोटं मिटून दाखवली. "ह्यांची अजून सगळी हायेत."

टाळ्यांचा खेळ तिथेच थांबला. त्या दिवसापासून आमच्याकडे टाळ्या हवेत वाजू लागल्या. दोन्ही हात वर करायचे आणि बोटं हलवायची. मुलांना हे शिकवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याचंच मला आश्चर्य वाटलं.

पुढे कळलं की ही काही एका घराची गोष्ट नाही. त्या वसाहतीत कोणत्याही वेळी कोणी ना कोणी झोपलेलं असतं. दाराच्या कडीला हेल्मेट अडकवलेलं दिसलं, की आत माणूस झोपला आहे, कडी वाजवायची नाही, हे पोस्टमनपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. भंगारवाला स्पीकरवर आपली रेकॉर्ड लावून यायचा. एकदा मी त्याच्याशी भांडायला पदर खोचून बाहेर गेले, तर त्याने वर हेल्मेट पाहून आधीच स्पीकर बंद केला होता. "मेरा भाई भी नाइट में है," तो म्हणाला. ज्याचं जळतं त्याला कळतं. माझं भांडण वाया गेलं.

त्यामुळे आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं तयार होऊनच यायची. इतर बालवाड्यांत 'हाताची घडी, तोंडावर बोट' शिकवण्यात जून-जुलै जातो. आमची मुलं ते पोटातूनच शिकून आली होती. एका खोलीचं घर, त्या खोलीत दिवसा झोपलेले वडील, आणि उरलेल्या जागेत कुजबुजत वाढलेली मुलं.

वरच्या मजल्यावरची मुलगी या बाबतीत सगळ्यांची पुढारी होती. ठोकळ्यांचा मनोरा पडला, की बाकीची मुलं ठोकळ्यांकडे बघायची आणि ती छताकडे. मला ते बघवायचं नाही. चार वर्षांच्या पोरीने मनोरा पडला की हसावं, छताकडे कशाला बघावं? मी एका पालकाकडून पॅकिंगचा फोम आणवला आणि सगळ्या ठोकळ्यांना तो चिकटवला. आता मनोरे पडले तरी कळायचं नाही. ती तरी छताकडे बघायचीच.

तिचे वडील साडेतीनच्या सुमाराला खाली यायचे, केस ओले, डोळे सुजलेले. तिला उचलायचे, मला मान हलवून नमस्कार करायचे. मी त्यांच्या तोंडाकडे बघण्याआधी हातांकडे बघायची. ही सवय मला कधी लागली ते सांगता येणार नाही. सगळी बोटं दिसली की मग मी म्हणायची, "झोप झाली का?" ते म्हणायचे, "व्हय." आमचं बोलणं एवढंच. त्यांची बायको सांगायची, "आम्ही पाचोडकडचे. आमचं घरानं मेंढरांमागचं. ह्यांनी माळाच्या ह्या टोकाला हाक दिली, तर त्या टोकाची मेंढी मान वर करायची. हितं आल्यापासून कुनाला हाक मारनार? उठतेत, जेवतेत, जातेत."

ते ऐकताना मला माझ्या कुलपातल्या दौलतीची आठवण यायची. माझ्या घरी वेगळाच गोंधळ चालला होता. दिवसभर कुजबुजून मी संध्याकाळीही कुजबुजायला लागले होते. नवऱ्याला आधी वाटलं माझा घसा बसलाय, म्हणून त्याने हळदीचं दूध दिलं. मग त्याला वाटलं मी रागावलेय, म्हणून तो न सांगता दळण घेऊन आला. मी काही खुलासा केला नाही.

मुलांचा आवडता खेळ घर-घर. इतरत्र या खेळात आई होण्यावरून भांडणं होतात. आमच्याकडे पप्पा होण्यावरून व्हायची, कारण पप्पांना काहीच करायचं नसायचं. पप्पा चादर ओढून पडायचे. खुर्चीच्या पाठीला प्लास्टिकचं पातेलं लटकवलं, की ते हेल्मेट. मग बाकीचं घर चवड्यांवर चालायला लागायचं. आई पोळ्या लाटायची, पाहुणे यायचे, पाहुण्यांना खुणेनं चहा विचारला जायचा. वरच्या मजल्यावरची मुलगी कुकर व्हायची. गाल फुगवायची, डोळे मिटायची आणि तोंड उघडून वाफ सोडायची. आवाज शून्य. तीनदा तोंड उघडलं की वरण शिजलं. एकदा सिडकोतून नव्याने राहायला आलेल्या एका मुलाने खरोखरची शिट्टी काढली, तर सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू काही त्याने ताटाला पाय लावला. पप्पा या खेळात कधीच उठायचे नाहीत. खिचडी आली की खेळ संपायचा.

मग संस्थेच्या शहरातल्या मुख्य कार्यालयातून मॅडम पाहणीला आल्या. त्या खुर्चीत बसल्या आणि मुलांचा खेळ बघू लागल्या.

"मुलं फार शांत आहेत," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"फारच."

"वरती माणूस झोपलाय," मी कुजबुजले.

मॅडमनी वर पाहिलं. "पण मुलांच्या अभिव्यक्तीचं काय?"

"आणि त्यांच्या बोटांचं काय?"

"मुलांच्या?"

"नाही, वरच्यांच्या."

मग मी सगळं सांगितलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, स्नेहसंमेलन घ्या. संध्याकाळी, अंगणात, तो माणूस जागा असताना. मुलांच्या स्वतःच्या खेळातून एक नाटुकलं बसवा, त्यात एक गाणं घाला, आणि मुलांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ द्या. मला कबूल करायला जड गेलं, पण कल्पना चांगली होती.

नाटुकलं म्हणजे घर-घरच. गाणं मी रचलं: माळावर कोकरू हरवतं, सगळे ते शोधतात, शेवटी सगळे मिळून हाक मारतात आणि कोकरू धावत येतं. ती हाक मी वरच्या बाईंना विचारून घेतली. त्यांनी जिन्याखाली नेऊन हळूच करून दाखवली. त्यांचा माणूस वर झोपला होता, त्यामुळे ती हाक असावी तशी मी ऐकलीच नाही.

तालीम सकाळी. सकाळी म्हणजे अर्थातच मुकाट्याने. मुलं ओठ हलवायची, हातवारे करायची, आणि शेवटी तोंडाभोवती हातांचा कर्णा करून नुसतंच तोंड उघडायची. सिडकोच्या मुलाला कोकरू केलं, म्हणजे तो बोलणार नाही. ठेका चुकायचा नाही, एकही मूल मागे-पुढे व्हायचं नाही. मी मनातून खूश होते. संमेलनाच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना जवळ बसवलं आणि सांगितलं, "उद्या मात्र मोठ्याने म्हणायचं बरं का!" सगळ्यांनी माना हलवल्या. हे मी कुजबुजत सांगितलं होतं.

संमेलनाला सगळी गल्ली लोटली. मालकांनी गावाकडून सतरंज्या आणल्या. गणपतीच्या मंडळाने माइक आणि स्पीकर दिला. पुढच्या खुर्चीत मॅडम. सगळ्यात मागे, कडुनिंबाला टेकून, वरचे गृहस्थ उभे होते. त्या दिवशी त्यांची झोप पुरी झाली होती की नाही, याची मला काळजी लागली होती.

नाटुकलं सुरू झालं. पातेलं खुर्चीला लागलं. पप्पा झालेला मुलगा चादर ओढून मंचावर आडवा झाला. पोळ्या झाल्या, कुकर तीनदा उघडला, माणसं गालात हसली. मग मुलं ओळीत उभी राहिली आणि गाणं सुरू झालं.

म्हणजे, ओठ हलायला लागले. हात हलायला लागले. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. अंगणात कडुनिंबाची सळसळ सोडून काही ऐकू येत नव्हतं.

मॅडम मागे वळून म्हणाल्या, "माइक चालू आहे का?" मंडळाच्या पोराने माइकवर टिचकी मारली. ठक्क असा आवाज गल्लीभर गेला, आणि मंचावरच्या सगळ्या मुलांनी दचकून चादरीकडे पाहिलं. चादर हलली नाही. मुलांनी गाणं पुढे चालू ठेवलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चादरीखाली पप्पा झोपलेत. त्यांच्यासमोर मोठ्याने कोण गाणार? मुलांचं काहीच चुकत नव्हतं. मी मंचाच्या कडेला उभी राहून "मोठ्याने, मोठ्याने" अशा खुणा करत होते, आणि मुलांनी त्याही नाचातल्या समजून तशाच्या तशा करून दाखवल्या.

गल्लीतले लोक मात्र निवांत होते. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. तान्ह्या पोरांच्या आयांनी पोरांना छातीशी धरून गप्प केलं. इथल्या माणसांना या गाण्यात काही कमी वाटत नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मॅडमकडे बघायची हिंमत होईना.

आणि मागून आवाज आला.

"अगं, मोठ्यानं म्हन की! मी जागा हाय!"

तो आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. कडुनिंबावरचे कावळे उडाले. समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. पाचोडकडच्या माळावर घडलेला तो गळा मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला वाटतं, त्यांच्या मुलीनेही पहिल्यांदाच ऐकला. ती गाता गाता थांबली. तिने आपल्या वडिलांकडे पाहिलं, दटावल्यासारखे डोळे मोठे केले, ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने चादरीकडे दाखवलं.

वडील एकदम खाली बसले. पुढच्या माणसाच्या पाठीआड होऊन त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

मग शेवटची हाक आली. सगळ्या मुलांनी तोंडाभोवती हात धरले आणि जेवढी उघडतील तेवढी तोंडं उघडली. मंचाच्या टोकाला बसलेल्या सिडकोच्या मुलाने मान वर केली आणि तो चार पायांवर धावत आला. कोकरू सापडलं. चादर शेवटपर्यंत हलली नाही.

मॅडमनी टाळी वाजवायला हात उचलले, आजूबाजूला पाहिलं आणि ते तसेच वर नेले. सगळी गल्ली हात वर करून बोटं हलवत होती. प्रेसवरचे, पेंटशॉपचे, पॅकिंगचे, पोळ्या लाटणारे, सगळे हात. मंडळाच्या ज्या पोराने माइकवर टिचकी मारली होती, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. उरलेली तो जोरात हलवत होता.

मी मागे कडुनिंबाकडे पाहिलं. ते पुन्हा उभे राहिले होते. रुमाल खाली पडला होता, डोळे लाल होते, आणि दोन्ही हात सगळ्यांच्या वर होते. मी सवयीने आधी बोटं बघितली. सगळी होती.