डावा कौल आणि नवा लॅपटॉप

“दादानू, ह्यो घेवचो काय? तुमीच सांगा.”

गुरूने मोबाइल माझ्या काउंटरवर ठेवला. स्क्रीनवर त्याच आठवड्यात बाजारात आलेला लॅपटॉप होता. वहीएवढा पातळ, राखाडी, किंमत विचारायला भीती वाटावी असा. शेजारी गुरूचा स्वतःचा पाच वर्षांचा जाडजूड लॅपटॉप, एका बिजागरीला चिकटपट्टी लावलेला.

मालवणात माझं कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. गुरू पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेतो, पाण्याखाली त्यांचं शूटिंग करतो आणि त्यांचं जेवण होईपर्यंत व्हिडिओ हातात देतो. हल्ली त्याचा लॅपटॉप एक्स्पोर्टच्या वेळी, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक फाइल तयार होत असताना, मध्येच बंद पडायचा.

“दर्शना काय म्हणता?” दर्शना त्याची बायको. बुकिंग तीच बघते.

“तिका कॉम्प्रेसर होयो.”

कॉम्प्रेसर म्हणजे डायव्हिंगच्या सिलिंडरमध्ये हवा भरायचं मशीन. ते नसल्यामुळे ही दोघं शेजारच्या बोटवाल्याकडून सिलिंडर भरून आणायची. साठवलेले पैसे एकाच वस्तूपुरते होते. घरात एकमत होईना, म्हणून दोघांनी गावच्या देवळात कौल लावला. गुरवाने पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि लॅपटॉप घ्यावा का, असं विचारलं. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नको.

“डावो दिल्यान,” गुरू म्हणाला. “पण देवाक एक्स्पोर्टातला काय कळता?”

“ठेवून जा. आधी उघडून बघतंय.”

उघडला आणि पाच मिनिटांत दुखणं कळलं. पंख्याच्या जाळीवर धूळ आणि खारी हवा मिळून जाड थर बसला होता. चिपची उष्णता बाहेर न्यायला तिच्यावर थर्मल पेस्ट नावाचं मलम लावलेलं असतं. तेही वाळून खडू झालं होतं. मशीन तापत होतं आणि स्वतःला वाचवायला बंद होत होतं. समुद्राकाठच्या प्रत्येक लॅपटॉपची हीच गत. साफसफाई, नवी पेस्ट, दोन तासांचं काम. आणखी तीन वर्षं आरामात चालला असता. देवाचं बरोबर होतं.

तेवढ्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. “प्रिंटर आज मिळणार होता ना?”

“संध्याकाळपर्यंत देतो, मॅडम.” फोन कान आणि खांद्यामध्ये, हातात स्क्रूड्रायव्हर.

आमच्या धंद्यात पहिला नियम एकच. झाकण काढलं की आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. मशीन बंद असलं तरी बोर्डावर करंट असतो. हे मी माझ्याकडे शिकून गेलेल्या प्रत्येकाला सांगितलंय, एकाला तर ओरडून. त्या दिवशी मी कनेक्टर सोडवला नाही. स्क्रूड्रायव्हर घसरला. बारीकशी ठिणगी, जळका वास. मग बटण दाबून दाबून बोट दुखलं, लॅपटॉप सुरू होईना. मॅडम अजून बोलतच होत्या.

संध्याकाळी गुरू आला. मी त्याला भिंगाखाली बोर्डाचा एक कोपरा दाखवला. तिथे हिरवट गंज खरंच होता. त्या गंजाने काही बिघडलं नव्हतं, पण ते त्याला कुठून कळणार? खोटं बोलण्यापेक्षा अर्धं खरं दाखवणं सोपं जातं.

“बोर्ड गेलो रे. खाऱ्या हवेन खाल्ल्यान.”

“मगे? नवीन घेव?”

“घे,” मी म्हणालो. “तुझा काम मोठा आसा. पुढची पाच वर्षां बघूक नको.”

त्याने मोबाइलवर तो लॅपटॉप पुन्हा काढला. “देव नको म्हणता. पण तुमी सांगतास म्हणजे झाला.”

डिस्क वेगळी होती, त्यातला सगळा डेटा मी त्याला काढून दिला. मजुरी घेतली नाही. त्याने दुसऱ्या दिवशी आभार म्हणून सुरमय आणून दिली. मी ती खाल्ली.

नवा लॅपटॉप उत्तम निघाला. तक्रार त्याच्याबद्दल नव्हतीच. डिसेंबरच्या गर्दीत शेजारच्या बोटवाल्याने सिलिंडर भरून द्यायचं बंद केलं. “आधी माझी गिऱ्हायकां,” म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. ऐन सीझनमध्ये दर्शनाला आलेली बुकिंगं परत करावी लागली. गुरूला मात्र अजून लॅपटॉपचंच कौतुक. “गुरवाक तोंडार सांगून इलंय,” तो मला हसत म्हणाला, “देव चुकलो, दादा बरोबर.”

त्यानंतर दर्शना दुकानात आली की मी मागच्या खोलीत काहीतरी शोधायला जायचो.

त्याचा जुना लॅपटॉप माझ्याचकडे होता. “भंगारात टाका,” असं तो म्हणाला होता. मेमध्ये एका दुपारी मी पहिल्यांदा त्या बोर्डाला मीटर लावला. तांदळाच्या दाण्याएवढा एक फ्यूज उडाला होता, बाकी काही नाही. अर्ध्या तासात नवा बसवला. लॅपटॉप सुरू झाला. हे मला पहिल्याच दिवशी जमलं असतं. पण तपासायचं म्हणजे आधी मान्य करायचं, आणि माझी तीच तयारी नव्हती.

मी दोघांना बोलावलं. सुरू असलेला लॅपटॉप समोर ठेवला आणि जे झालं ते सांगितलं, फोनसकट, सुरमयीसकट.

गुरू जुन्या लॅपटॉपच्या बिजागरीवरची चिकटपट्टी नखाने खरवडू लागला. दर्शना बोलली.

“दादानू, स्क्रूड्रायव्हर कोणाचोय घसारता. त्याच दिवशी सांगला असतास तर आमी हसलो असतो. कित्याक नाय सांगलात?”

“लाज वाटली.”

“तुमका लाज वाटली, आणि आमचो सीझन गेलो.”

मी म्हणालो, नवा लॅपटॉप मला द्या, घेतला त्याच किमतीला. जुना मी साफ करून ठेवलाय. तुम्ही कॉम्प्रेसर घ्या.

“ता झालाच,” ती म्हणाली. “पण ह्यांनी गुरवासमोर देवाक खोटो पाडल्यानी. ता तुमीच जावन निस्तरा.”

सोमवारी देवळात गेलो. गुरवासमोर, आणि देवाच्या पाया पडायला आलेल्या सात-आठ माणसांसमोर, पुन्हा सगळं सांगितलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, म्हणजे माझ्या वतीने देवाची माफी मागितली, नारळ ठेवला आणि मला हळूच विचारलं, “माझो मोबाइल पण तुमच्याकडेच दुरुस्तीक दिललो मा?”

कॉम्प्रेसर आला. हे मी त्या नव्या लॅपटॉपवर टाइप करतोय. मशीन सुंदर आहे. बिलं आणि पत्रं टाइप करण्यापलीकडे मला त्याचा काही उपयोग नाही.

नवीन घ्यावा का, असं लोक अजूनही मला विचारायला येतात. मी आधी जुना उघडतो, त्यांच्यासमोरच. गुरूही त्याचा जुना लॅपटॉप साफ करायला माझ्याकडेच आणतो. फक्त आता ठेवून जात नाही. समोर स्टूल घेऊन बसतो, आणि मी स्क्रूड्रायव्हर उचलला की विचारतो,

“दादानू, बॅटरी सोडवलात?”