कार्ड वसूल होतं का? आहुपे, नारायणगाव, लेण्याद्री

कार्डाची मुदत मार्चअखेर संपणार होती. पुण्यातल्या एका कला-वारसा संस्थेचं हे जोडीचं कार्ड. वर्षाला दोन हजार रुपये. संस्थेच्या छोट्या नाट्यगृहात निम्मं तिकीट, कलादालनात मोफत प्रवेश, शिवाय बाहेरगावच्या काही सवलती. पुढच्या बाजूला सुधीरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव. त्याखाली छापलेलं: 'व पत्नी'.

"तीन नाटकं पाहिली. नऊशे वाचले," सुधीर म्हणाला. "अकराशे पाण्यात."

मला हा वाद दर मार्चला नको होता. बाहेरगावच्या सवलतींत आंबेगाव तालुक्यातलं एक घरगुती निवास होतं, आणि 'परिसरातील वारसास्थळे' असं मोघम वाक्य. शनिवार-रविवार मोकळा होता. कार्ड घेऊन जायचं, जिथे जिथे चालेल तिथे दाखवायचं, आणि परत आल्यावर निकाल लावायचा. कार्ड वसूल झालं तर ठेवायचं, नाही तर सोडायचं.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. खेडच्या बाहेरून रस्ता आता चांगला आहे. मंचरला मिसळ खाल्ली आणि नाशिक रस्ता सोडून घोडेगावकडे वळलो. पेट्रोल इथेच भरून घ्या. डिंभे धरणाच्या पुढे रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो, अरुंद आणि वळणांचा, आणि मोबाइलची रेंज जाते. समोरून एसटी आली की थांबायचं. दुसरा उपाय नाही.

आहुपेला पोचलो तेव्हा कड्यावर वारा होता. खाली कोकण धुरकट. देवराईत शिरलं की उन्हाळा बाहेर राहतो. मोडून पडलेली झाडं तिथेच कुजत होती. इथली वाळकी काटकीही कुणी घरी नेत नाही. वाटेवर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना सुधीरने तिकीट कुठे मिळतं विचारलं. मी कार्ड हातात धरलंच होतं.

"देवाच्या रानाला कशाचं तिकीट, पावणं?" ते म्हणाले. "चपला काढा म्हंजे झालं."

सुधीरने माझ्याकडे पाहिलं. मी कार्ड पर्समध्ये ठेवलं.

मुक्काम घोडेगावच्या अलीकडे एका वाडीत. मालक पुण्यात असतात. सगळं इंदूबाई बघतात. वय पन्नाशीचं, आवाज मोठा. दोघांचे जेवणासकट दोन हजार. कार्ड दाखवलं तर दोनशे कमी. इंदूबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"हे तुमचं का त्यांचं?"

"दोघांचं."

"नाव तर त्यांचंच हाय."

बाजरीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची आमटी. वाढता वाढता त्यांनी विचारलं, उद्या नारायणगावला जाणार का. तमाशाच्या राहुट्यांपर्यंत त्यांना आमच्या गाडीतून यायचं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जत्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात तमाशाचे फड आपापल्या राहुट्या टाकतात. म्हणजे बुकिंगची तात्पुरती ऑफिसं. गावोगावचे पंच तिथे येतात, भाव करतात, तारीख पक्की करतात. इंदूबाईंच्या गावचे पंचही उद्या येणार होते.

"तुम्हाला तमाशाची एवढी आवड?" सुधीर म्हणाला.

"मी कशाला बघती? झोप येती मला. आवाज घरी येतोच."

मग काम काय, ते त्यांनी सांगितलं. गावात जत्रेची वर्गणी उंबऱ्यामागे असते. एक घर, एक उंबरा, पाचशे एक रुपये. त्यांचं लग्न मोडलं तेव्हा त्या माहेरी परत आल्या. भावाच्या जागेत दोन खोल्या बांधल्या. चूल वेगळी, विजेचा मीटर वेगळा. पण वर्गणी मागायला पोरं आली की भावाच्या दारावरून परत जातात. पंच म्हणतात, तुझं भावाच्यात आलं.

"मग बरंच की. पाचशे वाचतात," सुधीर म्हणाला.

"वाचत्यात," इंदूबाई म्हणाल्या. "पर सपीकरवर एकेका उंबऱ्याचं नाव पुकारत्यात. माझं न्हाई पुकारत. फड कुठला आणायचा, कुणी इचारत न्हाई. पालखी भावाच्या दारात थांबती, माझ्या दारावरून जाती." त्यांनी सुधीरच्या ताटात आणखी भाकरी टाकली. "घरी लई येळा दिलं, नाय घेतलं. उद्या राहुटीत देती. चार गावची माणसं असत्यात तिथं. बघू कसं नाय म्हणत्यात."

रविवारी त्या इस्त्रीची साडी नेसून गाडीत मागे बसल्या. नोटा रुमालात. नारायणगावला पोचलो.

राहुट्या रस्त्याच्या कडेला ओळीने. प्रत्येकीवर फडाचा मोठा फलक, आत गाद्या, पंखा, चहा. त्यांच्या गावचे पाच-सहा जण एका राहुटीत बसले होते. जत्रा कमिटीचे अध्यक्ष दादाभाऊ मधोमध. आम्ही दाराशी उभे राहिलो. इंदूबाई आत गेल्या.

"आता ही कुठं आली?" कुणीतरी म्हणालं.

फडाचे मॅनेजर भाव करत होते. "गाव केवढं, भाऊ? उंबरा किती?"

"दीडशे," दादाभाऊ म्हणाले.

"दीडशे आन् एक," इंदूबाई म्हणाल्या.

राहुटी हसली. शेजारच्या राहुटीतले दोघे डोकावले. इंदूबाईंनी रुमाल सोडून नोटा गादीवर ठेवल्या. वर एक रुपयाचं नाणं.

"इंदे, घरी बोलू," दादाभाऊ हळू आवाजात म्हणाले.

"घरी तुमी बोलत नाय, म्हणून हितं आली."

"अगं, तुझा भाऊ देतोय की."

"त्यो त्याच्या उंबऱ्याचं देतो. माझा मीटर येगळा हाय. बिल भरायला येतो का त्यो?"

"त्याला राग आला म्हंजे?"

"त्याचं त्यो बघंल."

मॅनेजर मजेत होते. "मावशी, एवढं हाय तर तमाशा तुमच्याच दारात उभा करतो."

"करा. पर दार कुणाचं, ते आधी ह्यांना इचारा."

आता कुणी हसलं नाही. दादाभाऊंनी नोटांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग शेजारच्या राहुटीतून डोकावणाऱ्यांकडे. त्यांनी नोटा उचलल्या आणि विसाराच्या पैशांत ठेवल्या. "बघू," म्हणाले. "पुकारायचं कमिटी ठरवंल."

इंदूबाई बाहेर आल्या. पैसे गेले होते आणि शब्द मिळाला नव्हता. मी तसं म्हणाले.

"पैसं घेतलं ना? आता जातंय कुठं?" त्या म्हणाल्या. पण टपरीवर चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. माझा फोन नंबर घेतला आणि एसटीने परत गेल्या.

आम्ही मासवडीची थाळी खाल्ली. अडीचशेला एक, रस्सा तिखट. कार्ड चालत नाही. वाटेत द्राक्षं घेतली, तिथेही अर्थातच नाही. चारनंतर लेण्याद्री. मार्चमध्ये त्याआधी जाऊ नका, पायऱ्या तापतात. माकडं पिशव्या ओढतात, हातात खाण्याचं काही ठेवू नका. तिकीट पंचवीस रुपये. खिडकीतल्या माणसाने कार्ड न घेताच मागे सरकवलं.

"हे आमच्याकडं नाय चालत, मॅडम. पन्नास द्या दोघांचे."

वर चैत्यगृहात खांब शांतपणे उभे आहेत. दगडात कोरलेल्या दानलेखापाशी एक गाइड लोकांना सांगत होता की लेण्यांमध्ये अशी दात्यांची नावं सापडतात, कुणी काय दिलं ते. लोकांनी फोटो काढले. मी अक्षरांकडे पाहत उभी राहिले. वाचता येत नव्हती. नाव मात्र होतं.

रात्री घरी पोचलो. पेट्रोल, मुक्काम, जेवण, किरकोळ मिळून पाच हजारांच्या आत दौरा झाला. कार्डाने वाचले दोनशे. आधीचे नऊशे धरून अकराशे. तेव्हा विचारणाऱ्यांना सरळ उत्तर: वारसास्थळांसाठी असं कार्ड घेऊ नका. सरकारी तिकिटं मुळातच स्वस्त आहेत, बऱ्याच संरक्षित स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, आणि उत्तम जागा कित्येकदा फुकट असतात. जोडीने वर्षाला सात नाटकं त्याच नाट्यगृहात पाहत असाल तरच कार्ड वसूल होतं. आम्ही पाहत नाही.

सुधीर जिंकला. मार्च संपला, कार्ड संपलं.

चैत्रात एका संध्याकाळी फोन आला. पलीकडे ढोल, पिपाण्या, पोरांचा कालवा. "थांबा, ऐका," इंदूबाई ओरडल्या आणि फोन दूर धरला. कर्ण्यातून नावं येत होती. एक, दुसरं, तिसरं. मी स्पीकर चालू केला. सुधीर वर्तमानपत्र खाली ठेवून बसला. बराच वेळ नुसती पुरुषांची नावं. मग घरघरीतून: "इंदूबाई यांच्या उंबऱ्याकडून, पाचशे एक!"

"ऐकलं का?" त्या म्हणाल्या.

"ऐकलं."

"भाऊ बोलत नाय माझ्याशी. बोलंल. ठिवते, पालखी यायची हाय, दारात सडा टाकायचाय." फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या ऑफिसात गेले. तिथे आणखी एक सभासदत्व असतं, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. एकट्याचं, पंधराशे रुपये. त्यावर निम्म्या तिकिटाची सवलत नाही. पण वार्षिक सभेला बसता येतं आणि मत देता येतं; जोडीच्या कार्डावर हे नसतं. कुठली नाटकं आणायची, दालन कुणाला द्यायचं, ते तिथे ठरतं.

"आणि मी?" सुधीरने सकाळी विचारलं होतं.

"तुझं तू बघ."

काउंटरवरच्या मुलीने जुनं कार्ड पाहिलं. "मॅडम, जोडीचंच घ्या ना. माणशी हजारच पडतात. यात तुमचं नुकसान आहे."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि तिला माझं नाव सांगितलं.