वर चढवलेलं नाव

सोनमबाई डी.एड. झाल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. आता छत्तिशी गाठली तरी कायमची नोकरी लागली नाही. भरती निघायची, अडायची, पुन्हा निघायची. तोवर कन्हेरीच्या पलीकडं, उसाच्या रानातल्या एका वस्तीशाळेत त्या मागं पडलेल्या पोरांचा जादा वर्ग घ्यायच्या. तात्पुरत्या. हा शब्द त्यांना इतका चिकटला होता की नवख्या माणसाला ते त्यांचं आडनावच वाटावं.

शाळा चौथीपर्यंत. शिक्षकांच्या जागा दोन, त्यातली एक तीन वर्षं रिकामी. उरलेले रणजितसर चारही वर्ग एकाच खोलीत बसवायचे, वर बैठका, मोबाइलवर भरायची माहिती, पोरांच्या खिचडीचा हिशेब. एक ना धड, भाराभर चिंध्या. माणूस मनानं चांगला, पण चांगुलपणानं काही दिवसाचे तास वाढत नाहीत.

बाई व्हरांड्यात पाच पोरं घेऊन बसायच्या. त्यात तिसरीतली राजनंदिनी. बाप लोणी देवकरला कंपनीत, आई उसाच्या खुरपणीला, सांभाळायला आजी कुशाबाई. वही उघडली की ही पोरगी पेन्सिल खाली ठेवायची. मग बाईंनी कुशाबाईंकडून परात मागून आणली, तिच्यात बाजरी पसरली आणि पोरीचं बोट धरून 'म' काढला. चुकला की परात हलवायची.

"चूक कुठं गेली, बाई?"

"बाजरीनं खाल्ली."

पोरगी पहिल्यांदा हसली. तीन महिन्यांत तिला वीस-एक अक्षरं ओळखू यायला लागली. शब्द मात्र अजून जुळत नव्हते. वेळ लागणार होता, आणि बाईंची तयारी होती.

आडवी आली ती यादी. कोण उतारा वाचतो, कोण वाक्य, कोण शब्द, कोण नुसतं अक्षर, अशी चाचणी व्हायची आणि नावं वर्गाच्या भिंतीवर लागायची. वस्तीवर ती यादी लग्नपत्रिकेसारखी वाचली जायची. मागच्या खेपेला राजनंदिनीचं नाव तळाला होतं. पोरं तिला 'खालची' म्हणायला लागली. पोरगी आठ दिवस घराबाहेर पडली नाही.

या खेपेला चाचणी बाईंनीच घेतली. राजनंदिनी 'कमळ' शब्दावर अडली ती अडलीच. "बाई, खाली नका लिहू," एवढंच म्हणाली. बाईंनी पेन उचललं आणि तिला 'वाक्य'मध्ये लिहून टाकलं. तिला एकटीला कसं चढवायचं, म्हणून उरलेल्या चौघांनाही चढवलं. दिवाळीपर्यंत आपण यांना तिथवर नेणारच आहोत, मग आधी लिहिलं म्हणून काय बिघडलं? रणजितसरांनी विश्वासानं आकडे भरून टाकले.

करायला गेले गणपती अन् झाला मारुती. पंधरा दिवसांत तालुक्याहून पत्र आलं. या शाळेत एकही मूल मागे नाही, सबब जादा वर्ग बंद. बाईंनी सोमवारपासून इंदापूरकडच्या दुसऱ्या शाळेत जावं.

बाईंनी सरांना सगळं खरं सांगितलं. सरांनी लगेच तालुक्याला फोन करून बघितला. आकडे दुरुस्त करायची मुदत संपली होती.

"बाई, तुमी मला आधी सांगायचं हुतं," ते म्हणाले. "मी एकटा चार वर्गांत राजनंदिनीला कुठं बघू?"

रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला कुशाबाई पेढे घेऊन आल्या. यादी त्यांना कुणीतरी वाचून दाखवली होती. "बाई, तुमी पोरीचं सोनं केलं. आमच्या घरात बायामान्सात पयलीच ही वाचणारी." त्यांनी बाईंच्या तोंडात पेढा घातला. खरं सांगावं तर म्हातारीच्या तोंडचा घास काढल्यासारखं, न सांगावं तर पोरीचा गळा आपणच दाबल्यासारखं. त्यांनी मान डोलावली आणि पेढा गिळला. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

कुशाबाई सरांना पेढे द्यायला आत गेल्या. राजनंदिनी परात घेऊन तिथंच उभी होती. बाजरी तिनं पिशवीत भरून ठेवली होती.

"बाई, मला वाचाया येत न्हाय, ह्ये तुमालाच ठावं हाय ना?"

"व्हय गं."

"मग सोमवारपास्नं मी कुणाला सांगू?"

बाईंनी तिला जवळ ओढलं. आतून कुशाबाईंचा आवाज येत होता. नात आता वाक्यं वाचते म्हणून त्या सरांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि सर व्हय, व्हय म्हणत होते.