आबांचा अकरा नंबर

भूतबित मी मानत नाही. अमरावतीत कोणाचं वायफाय अडलं की राउटरसुद्धा आधी माझं नाव घेतो, अशी माझी ख्याती... म्हणजे मीच पसरवलेली. म्हणूनच हे लिहिताना मान वर होत नाही.

मागच्या महिन्यात अकोल्याला धाकट्या बहिणीकडं, वैशालीकडं गेलो. गेल्या गेल्या भिंतीकडच्या पाटावर ऐसपैस बसून पोहे हाणले आणि वैशालीच्या नवऱ्याला कामाचं विचारलं. घरातला प्रिंटर सारखा गायब व्हायचा, कारण राउटर त्याला दरवेळी नवा पत्ता, म्हणजे नंबर, द्यायचा.

"जवाईबापू, पंगतीत जसा ज्याचा त्याचा पाट, तसा प्रत्येक मशीनले पक्का नंबर देऊन टाकतो. चहा उकळेपर्यंत काम खतम."

वैशालीच्या सासूबाई मेथी निवडत होत्या. "अकरा नंबर कोणाले देऊ नोको बाप्पा. त्याईचा हाय."

म्हणजे आबांचा, त्यांच्या वारलेल्या यजमानांचा. आबांच्या कॉम्प्युटरला तो नंबर मीच दिला होता. ते गेल्यावर तो कॉम्प्युटर भंगारात टाकून आलो, तोही मीच.

"काहून मावशी, आबा वरून लॉगिन करतीन का?"

मावशी मेथीच निवडत राहिल्या. मी मुद्दाम जवाईबापूंच्या नव्या कॉम्प्युटरला अकराच दिला.

स्क्रीनवर आलं — हा पत्ता दुसरं कोणीतरी वापरतंय.

"चहा कवाचा उकळला, दादा," वैशाली म्हणाली.

मी नव्या कॉम्प्युटरला बारा दिला. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, बाकी सगळ्यांच्या वायरी उपटल्या, वायफाय बंद केलं. मग अकराला पिंग केलं. पिंग म्हणजे हाक. त्या नंबरवर कोणी असलं तरच ओ येते.

ओ आली. पुन्हा हाक मारली... पुन्हा आली.

मावशी मागं येऊन उभ्या होत्या. "काय म्हणते?"

"कोणीतरी... हाय म्हणून राहिलं, मावशी."

"मंग बसू दे त्याईले," म्हणाल्या आणि मेथीकडं वळल्या.

अकरा सोडून बाकीचे नंबर वाटले. तेव्हापासून प्रिंटर कुठं गेलेला नाही. अमरावतीत चार जाणकारांना विचारलं. कोणी राउटरला दोष दिला, कोणी मला. ओ कोणाची, ते कोणालाच सांगता आलं नाही.

त्या दुपारी ताटं वाढली, तेव्हा मी पुन्हा भिंतीकडच्या पाटावर बसलो होतो. मग आठवलं — आबा असताना तिथं दुसरं कोणी बसत नसे. सकाळी पाहुणा म्हणून मला कोणी उठवलं नव्हतं.

ताट उचलून मी दाराशी सरकलो. कोणी 'राहू द्या' म्हणालं नाही.